धुरंधरांची पास्ट्रामी

धुरंधरांना जपानीत ‘नाही’ म्हणता येत नसे आणि मराठीत ‘हो’. कोबेत अकरा वर्षं काढलेल्या या माणसाचा सगळा जपानी व्यवहार ‘हाय’, म्हणजे ‘हो’, या एका शब्दावर चाललेला. दुकानदार काही विचारो, दारावर आलेला विक्रेता काही विचारो, हे मान तुकवून ‘हाय, हाय’. त्यापायी त्यांच्याकडे रोज दोन वर्तमानपत्रं यायची आणि त्यांना त्यातलं एकही वाचता येत नसे. मराठीत मात्र वाक्याची सुरुवातच ‘नाही’पासून. “काका, चहा टाकू?” “नाही, म्हणजे टाक, पण साखर तुझ्या हातानं नको.” “काका, पाऊस येणारसं दिसतंय, छत्री घ्या.” “नाही, हा वारा वेगळा आहे.” आणि अर्ध्या तासानं निथळत परत यायचे, तेही “नाही, फार नाही भिजलो” असं म्हणत.

त्यांचं खरं आडनाव वेगळं. ‘धुरंधर’ हे नाव ठेवलं माझ्या बायकोनं, अनघानं. ते कशावरून पडलं ते पुढे येईलच. चढावरच्या एका जुन्या तीनमजली इमारतीत ते दुसऱ्या मजल्यावर राहायचे आणि त्यांच्या डोक्यावर आम्ही. मुंबईच्या एका व्यापारी कंपनीचं इथलं काम ते बघत, मी एका यंत्रांच्या कंपनीत सॉफ्टवेअर लिहितो. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती, ठाण्याचं घर बंद होतं आणि निवृत्तीला काही महिने उरले होते. एकटा माणूस, आपल्याकडचा, आजारीबिजारी पडला तर आपण आहोतच, अशा चांगल्या हेतूनं आम्ही त्यांच्याशी ओळख वाढवली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

माणूस कट्टर शाकाहारी. अंडं तर सोडाच, चातुर्मासात कांदा-लसूणही बंद. बिस्किटाचा पुडा घेतला तरी त्यावरची बारीक जपानी अक्षरं मोबाइलवर वाचून घेतल्याशिवाय टोपलीत टाकायचे नाहीत, कारण इथे कशात माशाचा अर्क असेल सांगता येत नाही. कोबे म्हटलं की भारतातून येणारा प्रत्येक जण डोळे मिचकावून तिथल्या प्रसिद्ध बीफबद्दल विचारतो. धुरंधरांचं उत्तर ठरलेलं होतं, “मी कोबेत राहतो, गोठ्यात नाही.”

असा हा माणूस ऑगस्टमधल्या एका रविवारी सकाळी आमच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, “निखिल, ब्रिस्केट म्हणजे गाईचा नक्की कुठला भाग रे?”

मी हातातला कप खाली ठेवला. आतून अनघा बाहेर आली. तिला वाटलं, ऊन लागलं असावं.

प्रकार असा होता. काकांची एकुलती एक मुलगी, मुक्ता, अमेरिकेत शिकली आणि तिथेच तिनं डॅनियल नावाच्या मुलाशी लग्न केलं. त्याला आता पाच वर्षं झाली होती. काका लग्नाला गेले नाहीत. नुसतं गेले नाहीत असं नाही, तर फोनवर तिला म्हणाले, “जो माणूस ते खातो, त्याच्या पंगतीला मी बसणार नाही.” हे त्यांनीच मला सांगितलं, चपला काढता काढता, जणू गॅस बंद करायचा राहिला असं सांगावं तसं. तेव्हापासून मुलीचा फोन दिवाळीला आणि त्यांच्या वाढदिवसाला, दोन-दोन मिनिटांचा. आणि आता तिचा मेसेज आला होता. डॅनियलचं ऑक्टोबरमध्ये ओसाकाला काम आहे, मीही येतेय, एक दिवस जेवायला येऊ, तुम्हाला चालणार असेल तर.

त्या ‘चालणार असेल तर’नं त्यांची झोप उडाली होती. त्यांनी विचारलं, जेवायला काय करू? त्यावर तिनं लिहिलं, “डॅनियलला पास्ट्रामी आवडते. मिळेल तुमच्याकडे?”

पास्ट्रामी म्हणजे ब्रिस्केट, म्हणजेच गाईच्या छातीचं मांस, आठवडाभर मिठाच्या पाण्यात मुरवायचं, मसाला लावून धुरावर धरायचं, मग वाफवायचं आणि पातळ काप करून पावात घालून खायचं. तिकडचा आवडीचा पदार्थ.

“काका,” मी म्हटलं, “हा टोमणा आहे.”

“नाही. तिनं विचारलंय, मिळेल का. शेवटी प्रश्नचिन्ह आहे, बघ.”

“टोमण्याच्या शेवटीही प्रश्नचिन्ह असतं.”

“नाही, माझ्या मुलीला मी ओळखतो.”

ओळखत असते तर हा प्रसंग आलाच नसता, हे माझ्या जिभेवर आलं होतं. मी म्हटलं, ओसाकाला चार ठिकाणी तयार मिळेल, मी आणून देतो. तर माझ्याकडे बघून म्हणाले, “विकतचं वाढायला तो काय ऑफिसातला पाहुणा आहे? जावई आहे. घरी पहिल्यांदा जेवायला येतोय.” पाच वर्षांत ‘जावई’ हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. त्यानंतर मी वाद घातला नाही, आणि ती माझी दुसरी चूक.

खाटकाकडे ते एकटेच गेले. ब्रिस्केटला इथे ‘बुरिसुके’ म्हणतात, हे मी कागदावर लिहून दिलं होतं. पण जपानात मांस विकतात ते बहुतेक कागदासारखं पातळ कापून. दुकानदारानं रीतसर विचारलं असणार की पातळ काप करून देऊ का. हे म्हणाले असणार, हाय. दोन किलोच्या पारदर्शक पापुद्र्यांचं पुडकं घेऊन ते थेट आमच्याकडे आले आणि म्हणाले, “नाही, आता हे परत चिकटवता येईल का?” अनघानं कपाळाला हात लावला. पुढच्या वेळी मला बरोबर जावं लागलं. एवढं सुरेख मांस मिठात घालून धुरावर धरायचंय हे ऐकल्यावर त्या दुकानदाराचा चेहरा असा झाला की मीच त्याची माफी मागितली.

मग सुरू झालं ते सोवळं. हसू नका, दुसरा शब्द नाही. काकांनी त्या मांसासाठी वेगळं पातेलं, वेगळी सुरी, वेगळा पाट आणि बाल्कनीत एक छोटा वेगळा फ्रीज घेतला. सगळ्याला लाल टेप लावली. मिठाच्या पाण्यातलं मांस रोज एकदा उलटायचं असतं. ते काम हे सकाळी अंघोळीच्या आधी, मास्क आणि कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे चढवून करायचे, मग अंघोळ, मग देवपूजा. आमच्या आजीचं सोवळं आम्हाला तिच्या रेशमी मुकट्याच्या जवळ जाऊ देत नसे, यांचं उलट होतं, पण काटेकोरपणा तोच. एका सोमवारी क्रम चुकला. पूजा झाली आणि मग आठवलं. साडेसहाला माझा फोन वाजला.

“निखिल, खाली ये आणि मांस उलटं कर.”

“काका, मी बीफ खात नाही.”

“नाही, पण कोंबडी खातोस ना? मग तुझं आधीच बाटलेलं आहे.”

मी गेलो. दात घासायच्या आधी गेलो. गार पाण्यात हात घालून गाईच्या छातीचा दोन किलोचा तुकडा उलटा केला आणि काका चार पावलांवर उभे राहून सांगत होते, “नाही, तसा नाही, चरबी वर.”

पहिल्या तुकड्याचं जे झालं ते आठवलं की अजून माझं डोकं फिरतं. काकांनी कृती एका अमेरिकन गृहस्थाच्या ब्लॉगवरून उतरवली होती, त्यात पिंक सॉल्ट घाला असं लिहिलं होतं. म्हणजे मांस टिकवण्याचं एक रासायनिक मीठ. त्याला ओळखता यावं म्हणून गुलाबी रंग देतात आणि ते इथे साध्या दुकानात मिळतही नाही. पण काकांनी विचारायचं कुणाला आणि कशाला? गुलाबी मीठ म्हणजे पादेलोण! ताकात घालायला ठाण्याहून आणलेला अख्खा डबा घरात होता. मोठे तीन चमचे घातले. सहा दिवसांनी त्यांनी फ्रीज उघडला आणि सबंध इमारतीला सडक्या अंड्यांचा वास सुटला. ज्या माणसानं जन्मात अंडं घरात आणलं नाही, तो बाल्कनीत नाकाला उपरणं लावून उभा होता आणि म्हणत होता, “नाही, मांसच खराब निघालं.”

शेवटी साध्या मिठावर तडजोड झाली. पण साध्या मिठानं रंग येत नाही, मांस शिजल्यावर मातकट दिसतं. ब्लॉगवरच्या फोटोत ते गुलाबी होतं आणि ती गोष्ट त्यांच्या मनातून जाईना. एकदा जिन्यात थांबवून हळूच विचारलं, “आमसुलाचं आगळ घातलं तर?”

“काका, पास्ट्रामीची सोलकढी करू नका.”

“नाही, मी फक्त विचारलं.”

मसाल्याच्या बाबतीत मात्र ते एकदम खुशीत होते. धणे, मिरे, मोहरी. ते खलबत्त्यात भरडताना त्यांना त्या सगळ्या भानगडीत पहिल्यांदा घरच्यासारखं वाटलं असावं. “हा आपलाच मसाला आहे रे,” मला म्हणाले, “फक्त चुकीच्या प्राण्याला लावलाय.”

आणि धूर. पहिल्यांदा त्यांनी तो घरात केला. लोखंडी कढईत चेरीच्या लाकडाचा भुगा, वर जाळी, जाळीवर मांस, वर झाकण. दहाव्या मिनिटाला छताचा अलार्म बोलू लागला. इथले अलार्म नुसते वाजत नाहीत, बाईच्या आवाजात बोलतात. “काजी देस, काजी देस,” म्हणजे आग लागली आहे, आग लागली आहे. मी धावत खाली गेलो, तर काका अलार्मखाली उभे राहून ते न वाचलेलं वर्तमानपत्र हलवत होते आणि त्या बाईला सांगत होते, “हाय, हाय.”

मग प्रयोग बाल्कनीत गेला आणि धूर सरळ वर, आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांत. मी दर सोमवारी ऑफिसात धुरकटलेला शर्ट घालून जायचो. शेजारच्या टेबलावरचे मोरिता-सान हळूच वास घ्यायचे आणि विचारायचे, “सुट्टीत कॅम्पिंगला गेला होता वाटतं?” मी हो म्हणायचो. दुसरं काय सांगणार? लागोपाठ दोन सोमवार झाल्यावर त्यांनी मला डोंगरातल्या चांगल्या कॅम्पच्या जागांची छापील यादी आणून दिली. त्याच आठवड्यात अनघानं काकांना ‘धुरंधर’ म्हणायला सुरुवात केली, आधी रागानं आणि मग सवयीनं.

तळमजल्यावर घरमालकीण ओकादा-सान राहायच्या, पंच्याहत्तरीच्या पुढच्या. त्या एकदा वर येऊन काकांना म्हणाल्या, “रविवारी तुमच्याकडे सगळं बरं आहे ना? कपडे वाळत घालताना आठवण झाली.” काका खूश. म्हणाले, “बघ, किती काळजी करते बाई.” मी त्यांना समजावलं की ही काळजी नाही, ही तक्रार आहे, आणि इथल्या मानानं बरीच कडक तक्रार आहे. त्यांचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी स्वतः वळलेले बेसनाचे लाडू घेऊन खाली गेले आणि, मला तर्क करता येत नाही कोणत्या भाषेत, मुलीची सगळी हकीकत त्या बाईला सांगून आले. त्यानंतर ओकादा-साननी घरामागची आपली छोटी बाग धुरासाठी देऊन टाकली. एवढंच नाही, चव बघायचंही कबूल केलं.

कारण चवीचा प्रश्न तसाच होता. काका खाणार नाहीत, आम्ही खाणार नाही. मी म्हटलं होतं, न चाखता मिठाचं कसं कळणार? तर म्हणाले, “आमची आई नैवेद्याचा स्वयंपाक कधी चाखायची? तरी मीठ कधी चुकलं नाही.” अनघानं दोन्ही कानांवर हात ठेवले. “काका, याला नैवेद्य म्हणू नका हो!” “नाही, मी पद्धतीबद्दल बोलतोय,” ते म्हणाले.

पण ओकादा-सानचा उपयोग तरी काय होणार? त्या प्रत्येक वेळी तोंडावर हात ठेवून म्हणायच्या, “ओइशी!” म्हणजे छान झालंय. कडक झालं, ओइशी. जळलं, ओइशी. खारट झालं तेव्हा तर दोनदा ओइशी आणि वर तीन पेले पाणी. मी वैतागलो होतो, म्हटलं ही बाई दगड वाढला तरी छानच म्हणणार. काकांनी मात्र त्यातून वाट काढली. ते तिच्या तोंडाकडे बघेनासेच झाले. बशी ठेवायचे आणि हाताकडे बघत बसायचे. “तोंड खोटं बोलतं, हात बोलत नाही. दुसरा तुकडा उचलला तर जमलं.” पण रविवारमागून रविवार गेले, दुसरा तुकडा उचलला गेला नाही.

पाचव्या खेपेला ओकादा-सान जाता जाता म्हणाल्या की त्यांच्या आईकडे खारवलेला मासा खायच्या आधी बराच वेळ साध्या पाण्यात ठेवायचे, गंमत म्हणून सांगते. काका म्हणाले, हाय, हाय, आणि विसरून गेले. मला जिन्यात उलगडा झाला. मी परत खाली गेलो. “काका, ती गंमत नव्हती. मुरवलेलं मांस धुरावर धरायच्या आधी पाण्यात ठेवा, मीठ उतरेल, असं सांगितलंय तिनं.” काकांनी पातेल्याचं झाकण उचलून आत बघितलं. मग म्हणाले, “सरळ का नाही बोलत लोक?”

हे त्यांनी विचारावं! मी त्यांच्याकडे बघत राहिलो. मुलगी येणार म्हणून जो माणूस पाच आठवडे धुरात उभा आहे, ज्याचे डोळे लाल झालेत, बोटं भाजलीत, त्यानं एकदा फोन उचलून ‘चुकलो गं’ म्हटलं असतं तर दोन मिनिटांत काम झालं असतं. मी तेही बोलून टाकलं. अगदी याच शब्दांत बोललो, कारण मला खरंच राग आला होता.

“नाही,” काका म्हणाले. नेहमी त्यापुढे काहीतरी यायचं, तसं या वेळी आलं नाही. त्यांनी पातेल्यातलं पाणी बदललं आणि मी वर निघून आलो.

सातव्या खेपेला, म्हणजे मुलगी यायच्या आदल्या रविवारी, ओकादा-साननी दुसरा तुकडा उचलला. मग तिसरा. मग विचारलं, थोडं घरी नेऊ का? काकांनी माझा दंड इतका जोरात दाबला की दोन दिवस दुखत होता.

जेवणाला आम्ही दोघं हजर राहायचं असा हुकूम होता. मुक्ता दिसायला काकांसारखीच, तशीच भुवई वर करून बघणारी. डॅनियल उंच, जरा वाकून बोलणारा, शिकून आलेलं ‘नमस्कार’ त्यानं दारातच दोनदा म्हटलं. काका म्हणाले, “वेलकम, वेलकम,” आणि थेट स्वयंपाकघरात गेले. पानावर वरण-भात होता, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, आणि मधोमध नव्या कोऱ्या ताटात पास्ट्रामीचे पातळ काप, शेजारी पाव आणि मोहरीची चटणी. मुक्ता त्या ताटाकडे बघत राहिली. बसायची वेळ आली तेव्हा काकांनी मला हातानं बाजूला सारलं आणि डॅनियलच्या शेजारची खुर्ची घेतली. टेबल लहान, कोपराला कोपर लागत होतं. मला त्या क्षणी त्या माणसाबद्दल जे वाटलं ते मी सांगतो. मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

डॅनियलनं एक काप खाल्ला. दुसरा. काका चेहरा वरणाकडे ठेवून त्याच्या हाताकडे बघत होते. चौथ्या कापाला डॅनियल म्हणाला, ही फारच छान आहे, कुठून आणली?

झालं. आता म्हणतील, आता तोंड उघडेल. अनघानंही घास थांबवला.

“देअर इज अ शॉप,” काका म्हणाले, “निअर स्टेशन.”

मी तोंड उघडलं आणि टेबलाखालून अनघाची लाथ बसली. सात पास्ट्राम्या! अलार्म, पादेलोण, माझे शर्ट, मोरिता-सानची ती यादी! आणि स्टेशनजवळ दुकान! बरं, तिथे तरी थांबावं? नाही. काका पुढे म्हणाले, आता मराठीत, मुक्ताकडे बघून, “मीठ जरा जास्तच आहे. त्या माणसाला अजून नीट जमत नाही.”

मुक्ताची भुवई वर गेली. “बाबा, झालं तुमचं सुरू? तुम्ही तर खातही नाही. कुणीतरी इतक्या मेहनतीनं केलंय, दिसतंय ते. त्या बिचाऱ्यानं किती दिवस घालवले असतील. तुम्हाला आयुष्यात कुणाचं कौतुक करताच येत नाही का?”

“असेल,” काका म्हणाले. “केली असेल मेहनत.”

“असेल काय? आहे. कबूल करा.”

“बरं बाई. हो.”

आणि त्यांनी तिच्या पानात भात वाढला. त्यांच्या तोंडून मराठीत ‘हो’ मी तेवढाच ऐकला. पुढे गप्पा बऱ्या झाल्या. डॅनियलनं वरण दोनदा मागून घेतलं. निघताना मुक्तानं त्यांना वाकून नमस्कार केला आणि उठताना त्यांच्या सदऱ्याला नाक लावून क्षणभर थांबली. उदबत्तीचा वास येतोय, म्हणाली. सात आठवड्यांचा धूर होता तो.

ते गेल्यावर मी काकांवर अक्षरशः ओरडलो. का नाही सांगितलंत? त्यांनी ताटं उचलता उचलता उत्तर दिलं. “मी केलं म्हटलं असतं तर तिनं ‘का’ विचारलं असतं.”

“मग सांगायचं ना का ते!”

“नाही,” ते म्हणाले, “ते सांगता आलं असतं तर वरण-भातावर भागलं असतं.” मग आम्ही तिला कधी काही सांगणार नाही असं त्यांनी आमच्याकडून वदवून घेतलं. मी शब्द दिला. माझी तिसरी चूक.

मार्चअखेर ते निवृत्त होऊन ठाण्याला गेले. विमानतळाच्या बसमध्ये चढताना मला म्हणाले, “नाही, तू काही वाईट माणूस नाहीस.” अकरा वर्षांच्या सामानातून लाल टेपचं पातेलं त्यांनी ओकादा-सानना दिलं, त्या त्यात आता फुलझाड लावतात. मुक्ता दर रविवारी त्यांना फोन करू लागली होती, अर्धा-अर्धा तास. त्यांच्याशी भांडायची, असं तेच कौतुकानं सांगायचे. पुढच्या वर्षी डॅनियलसह ठाण्याला यायचं ठरवत होती. त्याआधीच, एका दुपारी जेवून आडवे झाले ते काका उठलेच नाहीत.

महिन्याभरानं एका रविवारी सकाळी मुक्ताचा मेसेज आला. “निखिलदादा, बाबांनी कोबेत ज्या दुकानातून पास्ट्रामी आणली होती, त्याचं नाव कळेल का? डॅनियल अजून आठवण काढतो. बाबांना मी दोनदा विचारलं होतं. एकदा म्हणाले विसरलो, एकदा म्हणाले बंद पडलं.”

मी फोन हातात धरून बसलो. मेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावलो. स्वतः निघून गेले आणि हे माझ्या गळ्यात अडकवून गेले. सांगावं तर दिलेला शब्द मोडतो, न सांगावं तर त्या मुलीला तिच्या बापानं काय केलं हे जन्मात कळणार नाही. अनघा म्हणाली, “शब्द गेला खड्ड्यात. लाव फोन.”

मी लावला आणि सगळं सांगितलं. पापुद्रे, पादेलोण, अंघोळीचा क्रम, ओकादा-सानचा हात, सात आठवडे. फोन तुटला की काय म्हणून मी मध्ये दोनदा हॅलो म्हटलं. ती होती.

मग तिनं विचारलं, “त्या दिवशी जेवताना मी त्या दुकानदाराची बाजू घेऊन बाबांशी भांडले होते ना?”

“भांडली होतीस.”

“चांगली भांडले होते ना?”

“कडकडून.”

“बरं झालं,” ती म्हणाली, आणि मग तिला रडू फुटलं.